युगांडा शांत आहे, म्हणून जाऊ का?

पत्र: मी मूळचा शिरोळ तालुक्यातला. नोव्हेंबर २०१९ पासून पश्चिम केनियात एका खासगी साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. पत्नी आणि चौथीतली मुलगी किसुमूला राहतात. जून २०२४ पासून मोर्चे, जळते टायर, बंद रस्ते यांना आम्ही कंटाळलोय. आता युगांडात जिंजाच्या बाजूच्या एका कारखान्यातून बोलावणं आलंय. इथं ३,००० डॉलर मिळतात, तिथं ३,६०० देतो म्हणतात, हुद्दा तोच. तिकडचे मित्र सांगतात, युगांडा एकदम शांत, म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाची जरब आहे, कोणी चूं करत नाही. गावाकडं आबा हटून बसलेत, की त्या देशानं आपल्या लोकांना एकदा अंगावरच्या कपड्यांनिशी हाकललंय, तिथं पाऊल टाकायचं नाही. बायको म्हणते, दोन्ही सोडा आणि कोल्हापूरला चला. काय करावं?

उत्तर:

हुद्दा तोच आणि पगार वीस टक्के जास्त, एवढ्यावर आत्ता जाऊ नका. चीफ केमिस्टची खुर्ची देत असतील तर पुन्हा लिहा, मग उत्तर वेगळं असेल.

तुमच्या पत्रात ‘कोणी चूं करत नाही’ हे जमेच्या बाजूला लिहिलंय. आम्ही ते खर्चाच्या बाजूला लिहिलं असतं. जयसिंगपूरची ऊस परिषद झाली, की पुढचे दिवस कुठल्या रस्त्यावर ट्रॉल्या अडणार, कुणाच्या चाकातली हवा सुटणार, हे शिरोळच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्रास होतो, पण तारीख आणि रस्ता आधी कळतो, आणि दराची बोलणी झाली की गाड्या सुटतात. केनियातला गोंधळ बराचसा याच जातीचा आहे. २५ जून २०२४ ला करवाढीच्या विधेयकावरून तरुण पोरं थेट संसदेत घुसली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी सही करणार नाही असं जाहीर केलं आणि ११ जुलैला जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ घरी पाठवलं. त्याआधी १ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बसलेल्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूकच रद्द केली होती. वाफ बाहेर पडायला तिथं व्हॉल्व्ह आहे.

म्हणून केनिया गरीब गाय आहे असं समजू नका. २०२४ च्या त्या आंदोलनात साठच्या आसपास माणसं मेली. टीका करणारी पोरं नंबरप्लेट नसलेल्या गाड्यांतून उचलली गेली. तिथं ‘सुबारू आली’ म्हटलं की लोक समजतात, साध्या वेशातले पोलीस आले. युगांडात याच कामासाठी टोयोटाच्या व्हॅन फिरतात आणि लोक त्यांना ‘ड्रोन’ म्हणतात. उचलायची पद्धत दोन्हीकडं सारखीच आहे. फरक दुसऱ्या दिवशी पडतो: केनियात ती बातमी पहिल्या पानावर येते, वकील कोर्टात उभा राहतो, आणि बऱ्याचदा माणूस परत मिळतो. युगांडाचे विरोधी नेते किझा बेसिग्ये यांना तर नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द नैरोबीतून उचललं आणि चार दिवसांनी ते कंपालाच्या लष्करी न्यायालयात दिसले. म्हणजे सरहद्द ही काही भिंत नव्हे. एकीकडचं दुखणं दुसरीकडं चालत जातं.

आता किसुमूचं. हे शहर केनियाचे जुने विरोधी नेते ओडिंगा यांचं. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर देशभरात अकराशेच्या वर माणसं मेली, सुमारे सहा लाख विस्थापित झाली, आणि किसुमूत आशियाई लोकांची दुकानं लुटून जाळली गेली. त्यानंतर दर निवडणुकीला शहराचा श्वास अडकायचा, कारण रायला ओडिंगा दर वेळी उभे राहायचे आणि दर वेळी हरायचे. ते १५ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याच देशात, केरळात, उपचार घेताना गेले. २०२७ ची केनियाची निवडणूक त्यांच्याशिवायची पहिलीच असेल. त्यामुळं किसुमू पेटेल की थंड राहील याचा अंदाज जुन्या हिशोबानं बांधू नका. अंदाज चुकला तरी चालेल अशी सोय करून ठेवा, आणि ती करता येते, कारण तारखा घटनेतच लिहिल्यात.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी मतदान, म्हणजे १० ऑगस्ट २०२७. आयोगाला निकाल जाहीर करायला जास्तीत जास्त सात दिवस, हरलेल्याला याचिका टाकायला सात, सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यायला चौदा. सगळं उशिरात उशिरा धरलं तरी ७ सप्टेंबरपर्यंत फैसला. निवडणूक रद्द झाली, तर साठ दिवसांत फेरमतदान. तेव्हा बायको-मुलीचं तिकीट जुलैच्या शेवटच्या आठवड्यातलं काढा आणि परतीची तारीख बदलता येईल असंच घ्या. २०२७ चे गणपती ४ सप्टेंबरला बसतायत. त्यांनी घरचा गणपती करूनच परतावं. तुम्ही मागं राहणार असाल, तर पंधरा दिवसांची रोकड, किराणा आणि औषधं घरात असू द्या, गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, आणि कुठल्याही मोर्चाचा व्हिडिओ काढू नका. दरवर्षीच्या दोन तारखा कॅलेंडरवर लाल करा: २५ जून (पोरं संसदेत घुसली तो दिवस) आणि ७ जुलै (‘सबा सबा’, जुन्या लोकशाही आंदोलनाचा दिवस). या दोन दिवशी नैरोबीला जायचं काम ठेवायचं नाही, विमानतळाचं तर नाहीच.

युगांडात ही कॅलेंडरची सोय नाही. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी जानेवारी १९८६ पासून सत्तेवर आहेत. दोन कार्यकाळांची मर्यादा २००५ मध्ये घटनेतून काढली, पंचाहत्तर वर्षांची वयाची अट २०१७ मध्ये काढली. त्यांचा जन्म १९४४ चा. जानेवारी २०२६ मध्ये ते सातव्यांदा निवडून आले. मुलगा मुहूझी मार्च २०२४ पासून सेनाप्रमुख आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच गृहस्थांनी आपल्या फौजेला नैरोबी घ्यायला दोन आठवडेसुद्धा लागणार नाहीत असं ट्विट केलं होतं, आणि बापाला केनियाची माफी मागावी लागली होती. त्याच वेळी पोराला बढतीही मिळाली. घरात ‘म्हातारा गेला की कारभार कुणाकडं’ हा विषय कोणी काढत नाही, तेव्हा वाडा शांत असतो. त्या शांततेवर किती वर्षांचा करार करायचा, हे तुम्ही ठरवा.

अधूनमधून झाकण उडतं तेव्हा काय होतं, हेही पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये बॉबी वाईन या गायक-नेत्याला अटक झाली आणि दोन दिवसांत पन्नासच्या वर माणसं मेली. जानेवारी २०२१ च्या मतदानाआधी देशभराचं इंटरनेट बंद झालं, २०२६ लाही तेच. तुमच्यासाठी याचा अर्थ शिरोळला व्हॉट्सॲप कॉल नाही एवढाच नव्हे. मोबाईल मनी अडकतो, कार्ड चालत नाही, ऑनलाइन तिकीट निघत नाही. आणि समजा बाहेर पडावं लागलं, तर कुठून? जिंजाहून एंटेबी विमानतळ गाठायचा तर कंपालातून किंवा त्याला वळसा घालून जावं लागतं, आणि गडबड असते ती नेमकी तिथंच. उलट पूर्वेला बुसिया किंवा मालाबाची हद्द ओलांडून किसुमूला येणं सोपं. पण भारतीय पासपोर्टला केनियात शिरायला आधी ऑनलाइन ई-टीए (प्रवेशाचा परवाना) काढावा लागतो. इंटरनेट बंद झाल्यावर तो निघणार कसा? म्हणून युगांडात राहणाऱ्या शहाण्या माणसानं निवडणुकीच्या दहा दिवस आधीच घरातल्या प्रत्येकाचा ई-टीए काढून छापून ठेवलेला असतो. ही गोष्ट मित्रांनी सांगितली नसणार.

व्हॉट्सॲपचंच आणखी एक. २०२२ मध्ये युगांडानं संगणक गैरवापराचा कायदा कडक केला. राष्ट्राध्यक्ष किंवा त्यांच्या मुलावरचा विनोद मराठी ग्रुपवर मराठीत फिरतो तोवर ठीक, इंग्रजीतला फॉरवर्ड मात्र पुढं ढकलू नका.

आबांच्या भीतीला उडवून लावू नका. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवस दिले आणि हजारो घरं, दुकानं, कारखाने मागं राहिले. पण पुढचंही आबांना सांगा. साखरेतली मोठी गुजराती घराणी १९८० च्या दशकात परत आली, मुसेवेनींच्या काळात मालमत्ता परत मिळाल्या, आणि आज युगांडातल्या साखरेचा मोठा हिस्सा भारतीय वंशाच्या मालकांचाच आहे. १९७२ पुन्हा होईल असं आम्हाला वाटत नाही. आम्हाला जास्त काळजी २००७ ची वाटते. त्या वर्षी सरकारनं माबिरा जंगलातली सुमारे ७,१०० हेक्टर जमीन एका साखर कंपनीला उसासाठी द्यायचं ठरवलं. १२ एप्रिलला कंपालात मोर्चा निघाला, तो बिघडला, आणि जमावानं एका भारतीय माणसाला दगडांनी ठेचून मारलं. त्या माणसाचा जंगलाशी काडीचा संबंध नव्हता, तो रस्त्यावरून जात होता. सरकारनं पुढं तो बेत सोडला. जिंजाचा रस्ता याच माबिरातून जातो.

सांगायचा मुद्दा, साखर कारखान्यातल्या भारतीयाला खरा धोका राजधानीतल्या राजकारणातून कमी आणि उसाच्या फडातून जास्त येतो. तिकडच्या बुसोगा भागात कारखाने वाढले, दोन कारखान्यांतल्या २५ किलोमीटर अंतराचं धोरण कागदावर राहिलं, घराला खायला पिकवायची जमीनही उसाखाली गेली. ऊस कमी पडला की दर चढतो, जास्त झाला की पडतो, आणि दर पडला की फड पेटतात. केनियात दुसरी तऱ्हा: उसाची पळवापळवी इतकी, की २०२३ मध्ये कोवळा ऊस तुटतोय म्हणून सरकारनं चार महिने गाळपच थांबवलं. ते तुम्ही भोगलंय.

म्हणून देशाची तुलना बाजूला ठेवा आणि नव्या कारखान्याला तीन गोष्टी विचारा. स्वतःच्या न्यूक्लिअस इस्टेटचा, म्हणजे कारखान्याच्याच शेतीचा, ऊस किती टक्के आणि बाहेरच्या शेतकऱ्यांचा किती? इस्टेटचा ऊस सार्वजनिक रस्त्यावर न येता यार्डात पोचतो का? गेल्या बारा महिन्यांत ‘नो केन’मुळं (ऊस न आल्यानं) मिल किती तास बंद होती? रस्ता अडला की यार्डातला ऊस काही तासांत संपतो, मिल थांबते, क्लॅरिफायरमधला रस आंबायच्या आत सिरपपर्यंत ओढून पॅन रिकामे करायची घाई तुमच्याच शिफ्टवर येते, आणि बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग संपला की बॉयलरला लाकूड शोधत फिरावं लागतं. त्या रात्री गेटवर जमलेल्या लोकांना चीफ इंजिनिअर दिसत नाही, ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, दिसतो. युगांडात ‘मुयिंदी’ म्हणतात, अर्थ तोच. तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत देणारा कारखाना चांगला. ‘काही प्रॉब्लेम नाही, तुम्ही या’ म्हणणारा नको.

आता पगार. केनियात ३,००० डॉलरवर आयकर, आरोग्य विमा निधीचे २.७५ टक्के, घरबांधणी कराचे दीड टक्का आणि एनएसएसएफ (तिथला भविष्य निर्वाह निधी) जाऊन हातात अंदाजे २,०३० डॉलर येत असतील. युगांडात महिन्याला एक कोटी शिलिंगच्या वरच्या रकमेवर कर चाळीस टक्के होतो, आणि तुमचे ३,६०० डॉलर सुमारे १ कोटी ३० लाख शिलिंग भरतात. शिवाय एनएसएसएफचे पाच टक्के. हातात साधारण २,२८० राहतात. कागदावरची सहाशेची वाढ खिशात अडीचशेची झाली. (डॉलरला १२९ केनियन आणि ३,६०० युगांडन शिलिंग धरून केलेला हिशोब आहे, भाव हलला की आकडा हलेल.) दोन्हीकडच्या एनएसएसएफचे पैसे देश कायमचा सोडताना मागता येतात. निघायच्या आधी अर्ज टाका. भारतात आल्यावर त्यामागं लागणं म्हणजे दुसरी नोकरीच.

सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि तुम्हाला ती माहीत नसावी असंच वाटतं. केनियाच्या २०११ च्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन कायद्याप्रमाणं ज्यानं सात वर्षं वर्क परमिटवर काढलीत आणि त्यातली अर्जाआधीची शेवटची तीन वर्षं सलग तिथं राहिलाय, त्याला कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. तुमची सात वर्षं नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतात. आत्ता युगांडाला गेलात तर पाटी कोरी. अर्ज मंजूर होईलच असं नाही, पण झाला तर तुमचा मुक्काम मालकाच्या कागदावर अवलंबून राहत नाही. आत्ता तो आहे. क्लास डी परमिट एका मालकाच्या नावावर, एका हुद्द्यासाठी असतं, आणि त्यात स्थानिक माणूस हाताखाली तयार करायची अट असते. तो तयार झाला की नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी विचारणारच, आता तुम्ही कशाला? २०१७ मध्ये केनियानं आशियाई लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात मानलं हे खरं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या तिथं असलेल्या नागरिकांसाठी. परमिटवाले आपण त्यात येत नाही. तेव्हा आजपासून सगळ्या परमिटच्या प्रती, पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के आणि केआरएची (केनियाच्या कर खात्याची) दर वर्षाची कर विवरणं एका फाईलला लावा. अर्ज अडतो तो बहुतेक या कागदांवरच.

आणि वीस टक्क्यांचं ते पत्र आहे ना, ते सध्याच्या मॅनेजरला दाखवा. दहा टक्के वाढवून मिळाली तरी वर काढलेल्या हिशोबानं तुम्ही जवळपास तिथंच येता.

एवढं सांगूनही जायचंच ठरलं, तर बाकीचं तुम्ही निभावाल, करार मात्र आम्ही म्हणतो तसा करा. केनिया आणि युगांडा हे एमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या १८ देशांच्या यादीत नाहीत. त्यामुळं तुमचा करार भारत सरकारच्या कुठल्याच टेबलावरून जात नाही, त्यात काय लिहिलंय ते तुम्हीच बघायचं. युगांडाच्या जी-२ वर्क परमिटची प्रत हातात पडल्याशिवाय केनियातला राजीनामा नाही. ‘आधी ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसावर या, परमिट मागून करू’ असं कोणी म्हणालं, की फोन ठेवायचा. त्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे आणि पकडले जाता तुम्ही, मालक नव्हे. पगार डॉलरमध्ये ठरवा आणि त्यातला निम्मा तरी थेट भारतातल्या एनआरई खात्यात जमा करायचं लिहून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये केनियन शिलिंग डॉलरला १६० पर्यंत घसरला होता, तेव्हा शिलिंगात पगार घेणाऱ्यांची काय गत झाली ते तुम्ही पाहिलंय. देश सोडण्याचं कलम हवंच. ‘गरज पडल्यास कंपनी मदत करेल’ हे कलम नव्हे. कारखाना अशांततेमुळं सलग सात दिवस बंद राहिला किंवा भारतीय उच्चायुक्तालयानं निघायची सूचना दिली, तर तिघांची मुंबईपर्यंतची तिकिटं कंपनी काढेल आणि थकीत पगार तीस दिवसांत देईल, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पासपोर्ट तुमच्या कपाटात, ऑफिसला झेरॉक्स. पोचल्याच्या आठवड्यात कंपालातल्या उच्चायुक्तालयात तिघांची नोंद करा. पहिले सहा महिने एकटेच जा. मुलीचं शाळेचं वर्ष किसुमूत पुरं होऊ दे, पण त्यांचे डिपेंडंट पास तुमच्या परमिटला जोडलेले आहेत, तुमचं परमिट रद्द झालं की तेही जातात. हे आधी वकिलाकडून सोडवून घ्या.

वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही, घाईचं आहे. इथल्या कारखान्यांचा हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा, बाकीचे महिने दुरुस्ती. वर्षभर गाळप करणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला इथं लगेच त्या तोडीचा पगार मिळत नाही. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे जून-जुलैत, जागा भरतात. २०२७ च्या जुलैत कुटुंब गावाकडं येणारच आहे. तेव्हा आठ दिवसांची रजा काढून तुम्हीही या आणि चार कारखान्यांत बायोडेटा देऊन ठेवा.

येताना तिघांची पिवळ्या तापाच्या लसीची कार्डं हातातल्या बॅगेत ठेवा. लस जन्मभर चालते, कार्ड हरवलं तर मात्र मुंबई विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात बसावं लागू शकतं.